एका नाजूक धाग्याची गोष्ट

नागपूरचा नंदनवन भाग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. उमरेड, कुही, भिवापूर या बाजूच्या खेड्यांतून दवाखान्यासाठी नागपूरला निघालेल्या माणसाचा कोणी ना कोणी पाहुणा नंदनवनात निघतोच. मेडिकल तेथून फार लांब नाही. रात्री पाहुण्याकडे मुक्काम करायचा, पहाटे उठून भाकरी बांधून घ्यायची आणि मेडिकलच्या रांगेत नंबर लावायचा, हा रिवाज जुनाच आहे.

अशा एका बिऱ्हाडाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. सहा वर्षांचा मुलगा आहे. अंगाने धट्टाकट्टा, पण बोल उशिरा फुटले. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा बोलतो. कुकरची शिट्टी झाली तरी कानांवर हात घेतो. डोळ्याला डोळा देत नाही. शाळेत गुरुजी म्हणतात, याच्या डोक्यात काही शिरत नाही. आई पदराला डोळे पुसते आहे आणि सासू पाहुण्यांना सांगते आहे, "आमच्या घराण्यात असं कोणीच नव्हतं बाई. हे तिच्या माहेरचं आलं."

बाप गप्प बसून आहे. कोणी म्हणते, ग्रहणात काही कापले असेल. कोणी म्हणते, पोटुशी असताना हिने नको ते खाल्ले. कोणी देवाचा कोप सांगते. गंडेदोरे, अंगारे, उतारे सगळे करून झाले आहेत. एक गोष्ट मात्र कोणी केलेली नाही. या मुलाच्या रक्ताची नेमकी तपासणी झालेली नाही.

शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, अशी मुले सगळी एकाच कारणाने मागे पडत नाहीत. बाळंतपणात मूल गुदमरले, गळ्याच्या थायरॉइड ग्रंथीचा रस कमी पडला, लहानपणी मेंदूज्वर झाला, अशी नाना कारणे असतात. परंतु जे पिढीजात येते, त्यात एकाच जनुकाच्या बिघाडाने होणाऱ्या आजारांत सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे 'फ्रॅजाइल एक्स'. फ्रॅजाइल म्हणजे नाजूक, चटकन तुटेल असे. परदेशांतील मोजणीप्रमाणे साधारण चार ते सात हजार मुलग्यांत एकाला हा आजार असतो. मुलींत प्रमाण त्याहून कमी असते. त्याचे मूळ कोठे आहे, हे गेल्या ऐंशी वर्षांत माणसाने पायरीपायरीने शोधून काढले. तीच ही गोष्ट.

अकरा पुरुषांचे एक घराणे

१९४३ साली इंग्लंडमध्ये मार्टिन आणि ज्युलिया बेल या दोघा संशोधकांनी एका घराण्याची वंशावळ मांडली. त्या घराण्यात दोन पिढ्यांत मिळून अकरा पुरुष मतिमंद होते. बायका मात्र बहुतेक चांगल्या होत्या. तरी आजार त्या बायकांच्या पोटी जन्मलेल्या मुलग्यांतच उतरत होता. म्हणजे आजार बायकांमधून वाहतो आणि पुरुषांत प्रकट होतो, हे प्रथम नीट कागदावर आले.

त्याच सुमारास, १९४४ साली, आपल्या मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आली. तिकडे कारण शोधणे सुरू होते, इकडे सांभाळणे आणि शिकवणे. दोन्ही कामे तितकीच मोलाची.

आता धागा म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत सेहेचाळीस सूक्ष्म धागे असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. निम्मे आईकडून येतात, निम्मे बापाकडून. त्यांपैकी एका जोडीवर मुलगा की मुलगी हे ठरते. बाईकडे 'एक्स' नावाचे दोन धागे असतात. पुरुषाकडे एक 'एक्स' आणि एक 'वाय'. मुलाला 'एक्स' मिळतो तो आईकडूनच, कारण बाप त्याला 'वाय' देतो.

बाईचा एक 'एक्स' बिघडला तरी दुसरा धडधाकट असतो. दोन विहिरींच्या शेतकऱ्यासारखी तिची गत असते. एक आटली तरी दुसरी पिकाला जगवते. मुलाची विहीर एकच. ती आटली की पीक करपले. म्हणून मुलग्यांत हा आजार जास्त आणि जोराचा.

आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघर माहीत आहे. तेथे आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच मूल पूर्ण आजारी होते. येथे एकट्या 'एक्स'चा दोष पुरतो. मामाच्या मुलीशी लग्न केले म्हणून हा आजार होतो आणि परक्यात केले म्हणून टळतो, असेही नाही.

दिसला, हरवला, पुन्हा दिसला

१९६९ साली अमेरिकेत हर्बर्ट लब्ज या डॉक्टरांना अशाच एका कुटुंबातील पुरुषांच्या 'एक्स' धाग्याच्या टोकाजवळ एक बारीक जागा दिसली. जणू तेथे धागा तुटायला आला आहे. पुढे इतरांनी तपासणी केली, तर कोणाला ती जागा दिसे, कोणाला दिसत नसे.

त्याचे कोडे ऑस्ट्रेलियाच्या ग्रँट सदरलँड यांनी १९७७ साली उलगडले. रक्तातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या तर त्यांना पातळ खुराक द्यावा लागतो. सदरलँड यांनी प्रयोगशाळा बदलली, तेथे नवा, कसदार खुराक वापरात होता आणि नाजूक जागा दिसेनाशी झाली. खूप शोधल्यावर ध्यानात आले की जुन्या खुराकात फॉलिक आम्ल कमी होते. तेवढ्या कमतरतेतच धाग्याचा कच्चेपणा उघडा पडत होता. पाण्याची ओढ बसल्याशिवाय कोणते वाण हलके हे आपल्यालाही कळत नाही, तसेच हे.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. आईने गरोदरपणी फॉलिक आम्लाच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत म्हणून हा आजार झाला, असे अजिबात नाही. त्या गोळ्या प्रत्येक गरोदर बाईने घ्याव्यात, पण त्यांचे कारण वेगळे आहे.

तीन अक्षरांचा अडखळा

१९९१ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून बिघडलेला जनुक नेमका हुडकला. त्याला 'एफ.एम.आर.-१' असे नाव पडले. जनुक म्हणजे धाग्यावर लिहिलेला एक हुकूम समजा. तो चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. या जनुकाच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरे लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. चांगल्या माणसात ती पाच ते चव्वेचाळीस वेळा येतात, बहुतेकांत तीसच्या आसपास. काहींत ती पंचावन्न ते दोनशे वेळा येतात. असा माणूस स्वतः मतिमंद नसतो, पण दोषाचा वाहक असतो. दोनशेच्या वर गेली की पेशी त्या जनुकावर रासायनिक कुलूप घालते. हुकूम असूनही वाचता येत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट आहे. वाहक आईकडून मुलाकडे जाताना ही आवर्तने वाढू शकतात. आजीत साठ, आईत नव्वद आणि नातवात एकदम पाचशे, असे होऊ शकते. सुताराने प्रत्येक पिढीत फूटपट्टी जुन्या पट्टीवरून कापावी आणि दर खेपेला ती जरा लांब निघावी, तसा हा प्रकार. म्हणून "आमच्यात असं कोणीच नव्हतं" हे दोन्हीकडचे म्हणणे खरे असू शकते. दोष होता, पण झोपलेला होता.

वाहक बापाचे गणित निराळे. तो आपल्या प्रत्येक मुलीला हा धागा देतो, मुलग्यांना एकालाही देत नाही. बापाकडून जाताना आवर्तने वाढून पूर्ण आजाराला पोहोचत नाहीत. मुलगी चांगली दिसते, शिकते, लग्न होऊन जाते. मग नातू मागे पडतो आणि बोट तिच्याकडे दाखवले जाते. मूळ मात्र कौतुकाच्या, शहाण्यासुरत्या आजोबांकडे असते. यात आजोबांचा तरी काय अपराध? धागा कोणी निवडून घेत नाही आणि निवडून देतही नाही.

पाण्याची पाळी आणि मेंदू

जनुकाला कुलूप लागले म्हणजे मेंदूत नेमके काय बिघडते? या जनुकाच्या हुकमावरून 'एफ.एम.आर.पी.' नावाचे प्रथिन तयार होते. त्याचे काम आपल्या शेतातील पाण्याच्या पाळीवरून चांगले समजेल.

विहिरीचे पाणी दांडाने येते. फावडे घेऊन उभा असलेला माणूस एका वाफ्याचे तोंड उघडतो, वाफा भरला की बुजवतो, मग दुसरा उघडतो. तो माणूस नसला तर पाणी सगळीकडे सुटते. पाणी कमी नाही, उलट जास्तच आहे. पण पीक पिवळे पडते. मेंदूतील पेशी एकमेकींना जेथे भेटतात, त्या जोडांवर गरजेप्रमाणे नवी प्रथिने तयार होतात. शिकणे आणि लक्षात ठेवणे त्यावरच चालते. कोणते प्रथिन कधी तयार करायचे आणि कधी थांबवायचे, हा आवर एफ.एम.आर.पी. घालते. ते नसले की प्रथिने वेळीअवेळी तयार होत राहतात. अशा मेंदूतील जोडांचे बारीक काटे दुर्बिणीखाली पाहिले तर ते लांबट, कृश आणि अपक्व दिसतात. दाट पेरलेल्या, विरळणी न केलेल्या रोपांची आठवण व्हावी.

म्हणून अशा मुलाला आवाज सहन होत नाही, गर्दी झाली की तो बिथरतो, हात फडफडवतो. तो हट्टी नाही, मस्तवालही नाही. त्याच्या मेंदूत सगळ्या वाफ्यांची तोंडे एकदम उघडी पडलेली असतात.

पीएच.डी.चे विद्यार्थी काय करतात?

नंदनवनात महाविद्यालये आहेत. खेड्यांतील मुले-मुली तेथे खोली घेऊन शिकतात. घरच्यांना वाटते, एवढे शिकून पुन्हा पाच-सहा वर्षे पीएच.डी. कशाला? तर या एका प्रथिनाचे उदाहरण घ्या. ते कोणत्या हुकमाला चिकटते, कोणत्या इशाऱ्याने सोडते, एका जोडावर किती वेळ थांबते, असे शेकडो छोटे प्रश्न आहेत. एक विद्यार्थी त्यांतील एकच प्रश्न हाती घेतो. उंदरांच्या मेंदूतील पेशी काचेच्या बशीत वाढवतो, मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो. कधी वर्षभराची मेहनत वाया जाते, जसा आपला एखादा हंगाम जातो. अशा अनेक प्रबंधांच्या विटा रचून एक भिंत उभी राहते.

हे काम आपल्या देशातही चालते. १९९४ साली नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या संशोधकांनी हा जनुक नसलेला उंदीर तयार केला होता. २००७ साली अमेरिकेतील एम.आय.टी. आणि बंगळूर येथील संशोधकांनी मिळून अशा उंदरांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नोबेल पारितोषिक मिळवलेले सुसुमु तोनेगावा होते, तसेच बंगळूरचे सुमंत्र चटर्जी आणि निम्हान्सचे शंकरनारायण राव होते. 'पॅक' नावाच्या एका प्रथिनाचा जोर कमी केला, तर उंदरांतील कित्येक बिघाड सुधारतात, असे त्यांना आढळले. म्हणजे जनुक बिघडलेला असूनही मेंदूची घडी काही अंशी बसवता येते.

२०१९ साली एडिंबरा आणि बंगळूर येथील संशोधकांनी याच आजाराच्या उंदरांना अगदी कोवळ्या वयात काही आठवडे लोव्हास्टॅटिन हे औषध दिले. हे औषध माणसांत रक्तातील चरबीसाठी वापरतात. औषध बंद केल्यावरही कित्येक महिने त्या उंदरांची शिकण्याची शक्ती टिकून राहिली. यावरून लवकर उपाय करण्याचे महत्त्व कळते.

मग औषध आहे का?

सरळ उत्तर द्यायचे तर मुळावर घाव घालणारे औषध अजून नाही. उंदीर सुधारला म्हणून माणूस सुधारतोच असे नाही. मॅव्होग्लुरंट नावाच्या औषधाकडून जगभरच्या आईबापांना मोठी आशा होती. माणसांवरील चाचण्यांत ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि २०१४ साली कंपनीने या आजारासाठी त्याचे काम थांबवले. तेव्हा बुद्धी वाढवण्याची खात्री देऊन कोणी हजारो रुपयांची बाटली पुढे केली, तर हात जोडून परत फिरा. वर सांगितलेले चरबीचे औषधही मनाने मुलाला देऊ नका.

पण काहीच करता येत नाही, असेही नाही. झटके, अतिचंचलपणा, झोप न लागणे यांवर डॉक्टरांजवळ औषधे आहेत. बोलणे सुधारण्याचे उपचार, हाताला वळण लावण्याचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. ही मुले पाहून पाहून चांगली शिकतात आणि रोजचा ठरलेला क्रम त्यांना मानवतो. गोठा झाडणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, भाजी निवडणे अशी कामे रोज त्याच वेळी, त्याच पद्धतीने दाखवली तर कित्येक मुले ती आनंदाने उचलतात. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आवाज चढवू नये. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरून वर करू नये. त्याला ते खरोखर जड जाते.

घरातल्या घरात ओळखण्याच्या खुणा

मुलगा उशिरा बसला, उशिरा चालला, बोल उशिरा फुटले, चेहरा लांबट, कान मोठे, नजर चुकवणे, हात फडफडवणे, हात चावणे, तेच शब्द घोकणे, आवाजाला घाबरणे, कान वारंवार फुटणे. यांतील काही खुणा एकत्र दिसल्या तर तपासणीचा विचार करावा. मुलींत खुणा सौम्य असतात. कित्येकींचे गणित न जमणे, फार बुजणे एवढ्यावरच निभावते.

आता घरातील थोरांकडेही नजर टाका. वाहक बायकांपैकी सुमारे पाचांत एकीची पाळी चाळिशीच्या आतच जाते. वाहक पुरुषांपैकी काहींना पन्नाशीनंतर हात कापणे आणि चालताना तोल जाणे सुरू होते. हा दुसरा आजार २००१ साली अमेरिकेतील हॅगरमन दांपत्याने प्रथम ओळखला. आजोबांचा कापता हात, मावशीची लवकर गेलेली पाळी आणि नातवाचे उशिरा बोलणे, या तीन गोष्टी आपण तीन वेगळ्या दुःखांत जमा करतो. कधी कधी त्या एकाच धाग्यावरच्या तीन गाठी असतात. डॉक्टरांना घराण्याची हकीकत सांगताना हे आवर्जून सांगावे.

काय करावे?

पहिली पायरी गावातच आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. पथक येईल त्या दिवशी मुलाला लाजून घरी ठेवू नका. तेथून जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. डॉक्टर प्रथम ऐकू येते का आणि थायरॉइड ठीक आहे का हे पाहतील, कारण त्यावर उपाय असतो. त्यानंतर 'एफ.एम.आर.-१ जनुकाची डी.एन.ए. चाचणी करावी का?' असे स्पष्ट विचारा. थोडेसे रक्त लागते. ते बहुधा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवावे लागते आणि उत्तर यायला वेळ लागतो. खर्च किती हे आधी विचारून घ्या.

एका मुलाची चाचणी झाली म्हणजे साऱ्या गोताची वाट उजळते. आई वाहक निघाली तर दर गरोदरपणात हा धागा पुढे जाण्याची शक्यता निम्मी असते, नाणे उडवल्यासारखी. पहिल्या खेपेला छाप पडली म्हणून दुसऱ्या खेपेला काटाच पडेल असे नाही. तिच्या बहिणींनीही मूल होण्यापूर्वी तपासून घ्यावे. गर्भाची तपासणीही नोंदणीकृत केंद्रात होऊ शकते. मात्र गर्भ मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पुढचा निर्णय त्या नवराबायकोचा. त्यात गावाने तोंड घालू नये.

मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यू.डी.आय.डी. ओळखपत्र काढून ठेवा. २०१६ च्या कायद्यात या दिव्यांगत्वाला 'बौद्धिक दिव्यांगत्व' म्हणून मान्यता आहे. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत उपचाराची सोय आहे. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कचेरीत करावी. मुंबईत 'फ्रॅजाइल एक्स सोसायटी, इंडिया' ही पालकांनी उभी केलेली संस्था आहे. समदुःखी माणूस भेटला की अर्धे ओझे उतरते.

त्या बिऱ्हाडाकडे परत

आता नंदनवनातल्या त्या खोलीत पुन्हा डोकावू. सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे तिच्या माहेरचं आलं." धागा आईकडून आला असेलही. पण तिच्या डोळ्यांचा रंग जसा तिने ठरवला नाही, तसा हाही ठरवला नाही. उलट तिला दोषी ठरवले की ती माहेरी बोलणार नाही, बहिणींना सांगणार नाही आणि तीच ठेच आणखी तीन घरांना लागेल. तिच्या पाठीवर हात ठेवून, "उद्या डॉक्टरांना सगळं मोकळेपणानं सांगू, तुझ्या बहिणीलाही बोलावून घेऊ," असे सासूने म्हटले तर त्या एका वाक्याने पुढच्या पिढीचे भले होईल.

आणि त्याच गल्लीत खोली करून राहणारी, खेड्यातली एखादी शेतकऱ्याची लेक उद्या म्हणाली की, "बाबा, मला अशा मुलांच्या आजारावर पीएच.डी. करायची आहे," तर तिला "लग्नाचं वय निघून जाईल" असे म्हणून अडवू नका. या धाग्याच्या पुष्कळ गाठी सोडवायच्या बाकी आहेत आणि त्यासाठी धीराची माणसे लागतात. एक हंगाम गेला तरी दुसऱ्याची पेरणी करायची, हे शेतकऱ्याच्या लेकीला कोणी शिकवावे लागत नाही.